वहिवाटीची मिरवणूक

जुलै महिन्याच्या बाराव्या तारखेस उत्तर आयर्लंडमधील कचेऱ्या बंद असतात, आणि बेलफास्टसारख्या राजधानीपासून लहानसहान गावांपर्यंत ठिकठिकाणी प्रोटेस्टंट समाजातील पुरुष गडद सूट, डोक्यावर काळी गोल टोपी आणि गळ्यात नारिंगी पट्टा अशा वेषात, बासरीपथकांच्या सुरावर शिस्तीने पावले टाकीत गावाबाहेरच्या एखाद्या मैदानाकडे निघतात. पुढे रेशमी निशाण असते. त्यावर बहुधा पांढऱ्या घोड्यावर बसून नदी ओलांडणारा राजा तिसरा विल्यम चितारलेला असतो, आणि निशाणाच्या गोंड्यांच्या दोऱ्या लहान मुलांच्या हाती दिलेल्या असतात. ग्रामीण भागात लॅम्बेग नावाचा प्रचंड ढोल गळ्यात अडकवून वेताच्या छड्यांनी बडवतात. त्याचा आवाज दूरच्या शेतापर्यंत पोहोचावा हाच त्याचा हेतू असतो. मैदानात प्रार्थना होते, भाषणे होतात, ठराव संमत होतात, शिदोरी सोडली जाते आणि संध्याकाळी सर्व मंडळी तशीच वाजतगाजत परततात. एका समाजाच्या दृष्टीने हा वर्षातला सर्वांत आनंदाचा दिवस; दुसऱ्या, म्हणजे कॅथलिक, समाजातील अनेक कुटुंबे मात्र तो आठवडा गावाबाहेर काढणे पसंत करीत आली आहेत.

ज्या लढाईच्या स्मरणार्थ हे सारे चालते ती बॉइन नदीकाठची लढाई 1690 साली झाली, आणि तीत हॉलंडमधून आलेल्या प्रोटेस्टंट विल्यमने आपले कॅथलिक सासरे, पदच्युत राजे दुसरे जेम्स, यांचा पराभव केला. वस्तुतः हा युरोपच्या सत्ताकारणातील एक प्रसंग होता. जेम्सचा पाठीराखा फ्रान्सचा चौदावा लुई याच्याशी खुद्द पोपचेही वितुष्ट होते, ही गोष्ट निशाणावर रंगविण्याजोगी नसल्यामुळे तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. या स्मृतीला संघटनेचे रूप आले ते शंभर वर्षांनंतर. आर्मा परगण्यात जमीन आणि विणकामाचा धंदा यांवरून दोन्ही पंथांच्या सामान्य लोकांत मारामाऱ्या चालत. 1795 साली लॉखगॉलजवळ अशीच एक चकमक झाल्यावर विजयी प्रोटेस्टंटांनी ‘ऑरेंज ऑर्डर’ स्थापन केली. तिची रचना फ्रीमेसनांच्या धर्तीवर शाखाशाखांची असून कॅथलिकांना तीत आजही प्रवेश नाही.

एवढ्यावरून मिरवणूक हेच विषाचे मूळ आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात, डॉनेगॉल परगण्यातील रॉसनोला या समुद्रकाठच्या गावी, ऑरेंज शाखांची मिरवणूक दरवर्षी निघते आणि निर्वेधपणे पार पडते. तेच पट्टे, तीच निशाणे, तेच ढोल. परंतु तेथे मिरवणाऱ्यांच्या मागे राजसत्ता उभी नाही आणि पाहणाऱ्यांस आपल्यावर कोणी अंमल गाजवीत आहे असे वाटत नाही. सरहद्दीच्या उत्तरेस परिस्थिती निराळी होती. 1921 ते 1972 या काळात उत्तर आयर्लंडचे जे सहा पंतप्रधान झाले, ते सहाही जण ऑरेंज ऑर्डरचे सभासद होते. कॅथलिक वस्तीतून जाणारी मिरवणूक ही तेथील रहिवाशांना केवळ शेजाऱ्याचा सण वाटणे मग शक्यच नव्हते.

या भेदाचे प्रतिबिंब कायद्यातही उमटलेले दिसते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने उलट टोक गाठले होते: 1849 मध्ये डॉलीज ब्रे येथे बाराव्या तारखेच्या मिरवणुकीवरून रक्तपात झाल्यावर पुढच्याच वर्षी अशा पक्षीय मिरवणुकांना कायद्याने मज्जाव झाला आणि तो 1872 पर्यंत टिकला. बेलफास्टच्या कायदेमंडळाने 1951 साली केलेल्या कायद्यात मात्र अशी सवलत होती की, मिरवणूक काढणाऱ्याने पोलिसांस आगाऊ सूचना द्यावी, परंतु ठराविक मार्गाने पूर्वापार निघत आलेल्या मिरवणुकीस त्या सूचनेची गरज नाही. वाक्य अगदी निरुपद्रवी दिसते. पण पूर्वापार निघत आलेल्या मिरवणुका बहुतेक एकाच समाजाच्या असल्यामुळे, एकास वहिवाट आणि दुसऱ्यास दरखास्त अशी ती वाटणी झाली. ही सवलत जाण्यास 1987 साल उजाडावे लागले.

वहिवाटीचा हा दावा सर्वांत तीव्र झाला तो पोर्टाडाउन येथे. बाराव्या तारखेआधीच्या रविवारी तेथील ऑरेंज मंडळी ड्रमक्रीच्या चर्चमध्ये उपासनेस जातात आणि परतताना गार्वाही रस्त्याने गावात येत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही चाल पडली तेव्हा तो रस्ता शेतांमधून जात होता. पुढे तेथे वसाहती झाल्या आणि त्यांतील वस्ती बहुतांशी कॅथलिक बनली. जेमतेम पंधरा मिनिटांच्या या वाटेसाठी 1995 मध्ये पोलीस व मिरवणूकवाले समोरासमोर ठाकले, आणि अखेर मिरवणूक वाद्यांविना जाऊ दिल्यावर इयन पेस्ली व डेव्हिड ट्रिंबल हे दोन पुढारी हात उंचावून गावातून चालले. पुढच्या वर्षी पोलीसप्रमुखांनी मनाई केली. तेव्हा प्रांतभर रस्ते अडवले गेले, लर्गनजवळ एका कॅथलिक टॅक्सीचालकाचा खून झाला, आणि काही दिवसांतच तो हुकूम फिरवून त्याच पोलिसांनी रहिवाशांना हटवून मिरवणुकीला वाट करून दिली. दंडेली केली म्हणजे हुकूम फिरतो हा धडा दोन्ही बाजूंनी त्या आठवड्यात घेतला, आणि माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोठी हानी तीच होय. 1998 मध्ये लष्कराने खंदक आणि काटेरी तारा घालून मार्ग बंद ठेवला. संघर्ष चालू असतानाच बाराव्या तारखेच्या पहाटे बॅलिमनी येथे एका घरावर पेट्रोलबाँब पडून तीन लहान भाऊ जळून मेले. त्यानंतर खुद्द ऑर्डरच्या एका धर्मोपदेशकाने जाहीरपणे सांगितले की, आता त्या रस्त्याने चालून जाणे हा पोकळ विजय ठरेल.

त्याच वर्षीच्या कायद्याने मिरवणुकीचा मार्ग ठरविण्याचा अधिकार पोलिसांकडून काढून ‘परेड्स कमिशन’ या स्वतंत्र आयोगाकडे दिला. अठ्ठावीस दिवस आधी सूचना द्यावयाची, हरकती ऐकून आयोगाने अटी घालावयाच्या, आणि अटी घालताना सुव्यवस्था व समाजांचे परस्परसंबंध यांबरोबर पूर्वापार मार्गाचाही विचार करावयाचा, अशी त्यातील तरतूद आहे. बेलफास्टमधील सेंट पॅट्रिक या कॅथलिक चर्चवरून जाताना पथकांनी फक्त एकेरी ठोका द्यावा किंवा भक्तिगीत वाजवावे, अशाही अटी आयोगाने घातल्या आहेत. मशिदीवरून वाद्ये नेण्याचा तंटा ज्यांनी वाचला वा पाहिला आहे त्या मराठी वाचकास येथे फार स्पष्टीकरण लागणार नाही. ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियर याने सिंधमध्ये आयरिश पोलीसदलाच्या नमुन्यावर पोलीसव्यवस्था उभारली आणि तीच पुढे मुंबई इलाख्याने उचलली, हे लक्षात घेतले तर मिरवणुकीच्या बंदोबस्ताची दोन्हीकडची रीत इतकी सारखी का, याचाही थोडा उलगडा होतो.

तथापि अटींनी शांतता राखता येते, सलोखा होत नाही. तो काही अंशी झाला तो डेरी शहरात, आणि तेही अशा ठिकाणी की जेथे 12 ऑगस्ट 1969 रोजी ‘अप्रेंटिस बॉइज’ या संस्थेच्या मिरवणुकीवरून दंगल पेटून दोन दिवसांत ब्रिटिश लष्कर रस्त्यावर आले होते. 1688-89 सालच्या, 105 दिवस चाललेल्या वेढ्याचा उत्सव ही संस्था करते. शहर शत्रूच्या हवाली करू पाहणारा गव्हर्नर लुंडी याचा पुतळा ती दर डिसेंबरात जाळते. ऑरेंज ऑर्डरने ‘आमच्या हक्काची वाटाघाट कसली?’ असे म्हणून आयोगाशी व रहिवाशांच्या संघांशी वर्षानुवर्षे बोलणे नाकारले. डेरीच्या संस्थेने मात्र, स्थानिक व्यापाऱ्यांच्या मध्यस्थीने, बॉगसाइडच्या कॅथलिक रहिवाशांशी बैठका केल्या, वेढ्याचा इतिहास सर्वांना सांगणारा महोत्सव भरविला आणि 2016 मध्ये संग्रहालयही उघडले. त्याच वर्षी बेलफास्टच्या आर्डॉइन भागात तीन वर्षे अडलेली मिरवणूकही रहिवाशांशी करार झाल्यावरच एका सकाळी पार पडली. तेव्हा ज्याच्या दारावरून जावयाचे त्याच्याशी बोलल्याने वहिवाट बुडत नाही, हे डेरीने सिद्ध केले आहे. तेथे लुंडीचा पुतळा अजूनही जळतो आणि मिरवणूक शहराच्या तटबंदीवरून जाते. पोर्टाडाउनच्या मंडळींना गार्वाही रस्त्याने चालण्याची मुभा 1998 पासून एकदाही मिळालेली नाही.