पडद्यावरची पाटी

पुणेरी पाट्यांची आपण थट्टा करतो खरी, पण एका बाबतीत त्या पाट्यांना मानले पाहिजे. दारात येणाऱ्या अनोळखी माणसाला काय विचारायचे असेल, याचा विचार लिहिणाऱ्याने आधीच केलेला असतो. कोण राहते, केव्हा भेटते, बेल किती वेळा वाजवायची, सारे चार ओळींत! घरातून व्यवसाय करणाऱ्याची वेबसाइट म्हणजे अशीच एक पाटी. फरक एवढाच की तिचा वाचक लातूरला असतो नाहीतर लंडनला, आणि मनासारखे उत्तर मिळाले नाही तर तो बेल न वाजवताच परत जातो. तो येऊन गेला हे आपल्याला कळतही नाही.

मी मराठी-इंग्रजी अनुवादाचे काम करते. जन्मदाखले, सातबाराचे उतारे, जुनी मृत्युपत्रे असे कागद माझ्याकडे येतात. मध्यस्थामार्फत आलेल्या कामात मोबदल्याचा मोठा हिस्सा वाटेतच जिरतो. गिऱ्हाईक थेट आले तर तो आपल्या हाती राहतो. त्यामुळे वेबसाइट ही माझी हौस नाही, पोटापाण्याची बाब आहे. ती मुलाने दिवाळीच्या सुट्टीत घरीच तयार केली होती. दोन वर्षांनी डागडुजीची वेळ आली, तेव्हा एका व्यावसायिकाने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही लांबूनच नमस्कार केला आणि तीन हजार रुपयांत काय होते ते पाहायचे ठरवले.

सुरुवात केली ती पाच माणसांपासून. वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी, यावर आयुष्यभर काम केलेले डॅनिश तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० साली एक साधी गोष्ट मांडली. मोठ्या पाहणीवर पैसे घालवू नका. पाच जणांना वापरून पाहू द्या, बहुतेक अडचणी तेवढ्यातच दिसतात. त्या दूर करा आणि पुन्हा पाच जणांना दाखवा. शेजारच्या काकू, नणंद, कॉलेजात जाणारा पुतण्या अशा पाच जणांच्या हाती मी फोन दिला आणि म्हटले, ‘‘तुम्हाला जन्मदाखला इंग्रजीत करून हवा आहे. आता काय कराल?’’ आपण मात्र गप्प बसायचे, हीच यातली अवघड अट.

‘सुस्वागतम’चा परिच्छेद कोणीच वाचला नाही. सगळे तीनच गोष्टी शोधत होते : पैसे किती, दिवस किती आणि फोन कुठे करायचा. नणंद तर म्हणाली, ‘‘वहिनी, तुमचं शिक्षण कळलं. पण माझं काम तुम्ही करता का, ते नाही कळलं!’’ त्या एका वाक्याने निम्मे काम केले. आता पहिल्याच ओळीत कोणत्या कागदांचा अनुवाद होतो ते आहे, खाली पानाचा दर, लागणारे दिवस आणि बोट लावताच लागणारा फोन नंबर. नंबर चित्रात असला तर तो असा लागत नाही. तो अक्षरांत लिहावा लागतो. याला एक पैसाही लागला नाही.

स्तुतिपर अभिप्रायांच्या जागी अनुवादाचा एक नमुना ठेवला. गिऱ्हाइकाचा कागद दाखवणे हा विश्वासघात, म्हणून काल्पनिक नावाचा दाखला तयार केला. शेजारी शेजारी मराठी आणि इंग्रजी. आपले काम दाखवता येत असेल, तर त्याचे वर्णन करत बसू नये.

मग वजन उतरवणे. आजच्या फोनवरचा एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. असे सहा फोटो असले की गावाकडच्या अशक्त नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. फोटोची रुंदी बाराशे पिक्सेलवर आणली की तोच फोटो बहुधा दोनशे केबीच्या आसपास बसतो आणि डोळ्यांना फरकही जाणवत नाही. ‘स्क्वूश’सारखे मोफत साधन हे काम मिनिटात करते.

मराठी अक्षरांचा प्रश्न आपला खास. देवनागरी १९९१ सालापासून युनिकोडमध्ये आहे, तरीही छपाईसाठीच्या जुन्या फॉण्टमध्ये टंकलेला मजकूर कित्येकांच्या संगणकात पडून असतो. तो तसाच वेबसाइटवर चिकटवला, तर तो फॉण्ट नसलेल्या फोनवर अगम्य चिन्हे दिसतात आणि शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये आणावाच लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने तयार केलेला ‘मुक्त’ हा सुवाच्य फॉण्ट सर्वांना विनामूल्य आहे. फिक्या करड्या अक्षरांऐवजी पांढऱ्यावर ठसठशीत काळी अक्षरे घेतली. चाळिशीचा चष्मा लावणारेही गिऱ्हाईकच असतात.

पत्त्यामागची सुरक्षिततेची व्यवस्था पूर्वी विकत घ्यावी लागे. २०१५ साली ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने तिची प्रमाणपत्रे मोफत द्यायला सुरुवात केली. ज्याच्या जागेत आपली वेबसाइट ठेवलेली आहे, त्याला विचारले तर बहुधा जादा पैसे न घेता तो ती सुरू करून देतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : वेबसाइटचे नाव कोणाच्या नावावर आहे? भाचा, शेजारचा मुलगा, ओळखीचा संगणकवाला हौसेने सारे करून देतो आणि नोंदणी स्वतःच्या ईमेलवर ठेवतो. उद्या तो परदेशी गेला, तर नूतनीकरणाची सूचनाही त्यालाच जाते. घराची कागदपत्रे आपण दुसऱ्याच्या कपाटात ठेवत नाही. इथेही नोंदणी, पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख आपल्याच वहीत असावी.

तीन हजारांतले पैसे अखेर दोनच ठिकाणी गेले : नावाच्या नूतनीकरणावर आणि छायाचित्रकाराने काढलेल्या एका नीटस फोटोवर. कोणाच्या हाती आपले कागद जाणार, तो चेहरा माणसाला पाहायचा असतो.

आता येणाऱ्या फोनचे पहिले वाक्य बदलले आहे. पूर्वी विचारत, ‘‘तुम्ही नेमकं काय करता?’’ आता विचारतात, ‘‘तीन पानं आहेत, गुरुवारपर्यंत होतील ना?’’