अंग घासायची जाळी स्वच्छ ठेवा

वाळलेल्या घोसाळ्याची जाळी अंग घासायला उत्तम. पण पावसाळ्यात अंधेरी-मुलुंडच्या बंद न्हाणीघरांत ती वाळतच नाही. अडकलेल्या मळावर जंतू वाढतात. न्यूयॉर्कच्या संशोधकांना एका रुग्णाच्या अंगावरील पुरळाचे मूळ अशाच जाळीत सापडले.

म्हणून वापरानंतर साबण पूर्ण धुऊन, पिळून जाळी खिडकीशी टांगावी. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात काही मिनिटे बुडवून उन्हात वाळवावी. महिन्याने बदलावी, वास आल्यास लगेच टाकावी. जखम, खरूज किंवा गजकर्ण असल्यास वापरू नये.

आदिवासी वसतिगृहाला भेट देताना मोजूनच द्या: एका मुलाला एक जाळी, टांगायला वेगळा खिळा. एका जाळीने सर्वांनी अंग घासले, तर एकाची खरूज सर्वांना होऊ शकते.