शिशाच्या गोळीचें काठिण्य

शिसें मऊ असतें हें सर्वांस ठाऊक आहे. शुद्ध शिशावर नखानें रेघ ओढली तरी ती उमटते. असें असतां अमेरिकेंत शिकारी बंदुकांसाठीं ओतीव गोळ्या विकणारे कारखानदार आपल्या डब्यांवर ‘हार्ड कास्ट’, म्हणजे ‘कठीण ओतीव’, ही बिरुदावली ठळक अक्षरांत छापतात. आणि गोळी जितकी कठीण तितकी ती उत्तम, असें गिऱ्हाईक समजून चालतें. ही समजूत कितपत खरी, याचा विचार येथें करावयाचा आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांमुळें हौसेची शिकार बंद पडली, तेव्हां हा विषय आमच्या घरांत कशाला, असें कोणी विचारील. परंतु तांबें, कथील व कल्हई ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरलीं, त्या घरास धातूंचे स्वभाव परके नाहींत. शिवाय मुक्या जनावराचें मरण क्षणाचें कीं दिवसभराच्या तळमळीचें, हें पुष्कळ अंशीं या काठिण्यावर अवलंबून असतें.

प्रथम मऊपणाची बाजू ऐकूं. १८५७ चीं काडतुसें शाळेंतील प्रत्येक मुलास माहीत आहेत. त्यांतील गोळी कशी होती, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. एन्फील्ड ही ठासणीची बंदूक. तिच्या नळीस आंतून मळसूत्रासारख्या खांचा होत्या. गोळी तोंडाकडून सुखानें आंत जावी म्हणून ती नळीपेक्षां किंचित् बारीक करीत, आणि मुद्दाम शुद्ध शिशाची करीत. दारू पेटली कीं मागच्या दाबानें तिचें मऊ बूड फुगे, खांचांत घट्ट बसे आणि गोळी गरगर फिरत बाहेर पडे. ज्या चरबीवरून एवढा भडका उडाला, ती गोळीभोंवतालचा कागद नळींतून घसरावा म्हणून लावलेली होती.

पुढें मागून भरण्याच्या बंदुका आल्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली, वेग वाढला, आणि निव्वळ शिसें नळीच्या खांचांस चिकटूं लागलें. त्यावर उपाय मिश्रणाचा. कथील घातल्यानें रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतो व गोळीस चिवटपणा येतो. अँटिमनीनें काठिण्य येतें, पण त्याबरोबर ठिसूळपणाही येतो. अमेरिकन बाजारांत ९२ भाग शिसें, ६ भाग अँटिमनी व २ भाग कथील हें मिश्रण विशेष चालतें.

काठिण्य मोजण्याची रीत स्वीडनचा अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल यानें १९०० सालीं पुढें आणली. कठीण पोलादी गोटी ठराविक वजनानें धातूवर दाबावयाची, आणि जो खळगा पडेल त्याच्या क्षेत्रफळानें त्या वजनास भागावयाचें. या मापानें शुद्ध शिसें सुमारें ५, वरील बाजारी मिश्रण सुमारें १५, आणि लायनोटाइप यंत्रांतील छपाईचें मिश्रण (८४ शिसें, १२ अँटिमनी, ४ कथील) सुमारें २२ भरतें. छपाईचें नांव येथें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. परंतु निर्णयसागराचे सुबक खिळे ज्या प्रकारच्या मिश्रणांतून ओतले जात, त्यांतलेच हे तीन धातु. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें १९७८ सालीं लायनोटाइप यंत्रें बंद केलीं, इतर छापखान्यांनींही तेंच केलें, आणि त्यांतून निघालेला धातु हौशी लोकांनीं वितळवून त्याच्या गोळ्या ओतल्या. पोथी छापणारा व प्राण घेणारा धातु एकच असावा, हें मला तरी थोडें खटकतें.

आणखी एक चमत्कार. तांबटाच्या हातोडीखालीं तांबें कठीण होत जातें, म्हणून ठोक्याच्या भांड्यास लवकर पोचे पडत नाहींत. शिशाच्या मिश्रणाचें उलट आहे. अँटिमनी व लेशभर सोमल असलेली गोळी साच्यांतून निघतांक्षणीं पाण्यांत टाकली, तर ती पुढील कांहीं तासांत व दिवसांत कठीण होत जाते. ११–१२ काठिण्याची गोळी अशा रीतीनें विसापलीकडे पोंचते. तीच गोळी पुढें ठोकली किंवा दाबून आकारांत आणली, तर ती मऊ पडते.

आतां मूळ प्रश्न. ब्रिनेलचा आंकडा चौरस मिलिमीटरवरील किलोग्रॅमांचा असल्यानें त्यास १४२२ नें गुणिलें कीं चौरस इंचावरील पौंड मिळतात: ५ चे सुमारें ७,१०० व १५ चे सुमारें २१,३००. दारूचा दाब या आंकड्याच्या आसपास गेला म्हणजे गोळीचें बूड फुगून नळी बंद करतें, असा गोळी ओतणाऱ्यांचा ठोकताळा आहे. ठोकताळाच तो, सिद्धांत नव्हे. तरी मर्म त्यांतून कळतें. अमेरिकन सैन्यानें १८७३ सालीं स्वीकारलेलें .४५-७० काडतूस आजही विकलें जातें, आणि जुन्या बंदुकीसाठीं त्यांत दारू बेतानेंच भरावी लागते. तेथें बावीस काठिण्याची गोळी घातली व ती नळीस थोडी जरी सैल असली, तरी ती फुगत नाहीं; तप्त वायु कडेनें पुढें निसटतो, गोळीची कड जाळतो आणि नळींत शिशाचा थर बसतो. शिकारी म्हणतो, गोळी मऊ निघाली, आणि आणखी कठीण माल मागवितो. रोग एक आणि औषध भलतेंच!

मग विक्रेते कठीण मालच कां करतात? कारण डब्यांतून शेंकडों मैल जातांना कठीण गोळ्या एकमेकींवर आपटून चेपत नाहींत. सोय खरी, पण ती दुकानदाराची.

जनावराची बाजू याहून महत्त्वाची. हरिणाच्या शरीरांत गोळीनें थोडें पसरावें लागतें. दहाबारा काठिण्याची गोळी तसें करते. गोल तोंडाची फार कठीण गोळी बारीक भोंक पाडून आरपार जाते, आणि जखमी हरिण रानांत दूर जाऊन तडफडत मरतें. अस्वल किंवा बायसन यांसारख्या जाड हाडामांसाच्या जनावरास मात्र खोल शिरणारी कठीण गोळी हवी. तिचें तोंड रुंद व सपाट असलें म्हणजे ती न पसरतांही मोठी जखम करते. अँटिमनी अति झाली तर गोळी हाडावर फुटते, हेंही लक्षांत घ्यावें लागतें. येथें एक विसंगति आठवते. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत निघालेल्या पसरणाऱ्या गोळीसारख्या गोळ्यांस १८९९ च्या हेग परिषदेनें युद्धांत मनाई केली. इंग्लंडांत १९९१ च्या कायद्यानें हरिणावर रायफल चालविणाऱ्यास पसरणारी गोळीच सक्तीची आहे. हाल टाळण्याचा हेतु मात्र दोहोंकडे एकच.

काठिण्य कितीही वाढविलें तरी शिशाचें विष जात नाहीं. शिकाऱ्यांनीं रानांत टाकलेल्या आंतड्यांतील शिशाचे कण पोटांत जाऊन कॅलिफोर्नियांतील काँडोर हीं प्रचंड गिधाडें मरूं लागलीं. म्हणून २००७ च्या कायद्यानें त्यांच्या प्रदेशांत, व २०१३ च्या कायद्यानें १ जुलै २०१९ पासून सबंध राज्यांत, शिकारीसाठीं शिशाच्या गोळ्या बंद झाल्या. तेथें आतां तांब्याच्या गोळ्या चालतात. तांबें शिशाहून हलकें, त्यामुळें तितक्याच वजनाची गोळी लांब होते. आणि लांब गोळी हवेंत स्थिर राहण्यास नळींतील मळसूत्राचा पीळ अधिक दाट लागतो, तो जुन्या पुष्कळ बंदुकांत नसतो.