तांबी बसविण्यापूर्वी प्रतिजैविकाची गोळी हवी का?

सुनेला किंवा लेकीला तांबी बसविण्यासाठी आपण सोबत जाता, तेव्हा मनात शंका येतेच: पिशवीत बाहेरची वस्तू जाणार, मग संसर्ग टाळण्यासाठी आधीच गोळी दिलेली बरी नव्हे का? औशापासून किनवटपर्यंत ज्यांना दवाखाना दूर पडतो, त्यांना तर औषधाच्या दुकानातून ती परस्पर आणण्याचा मोह होतो.

शंका निराधार नाही. तांबी आत सरकताना गर्भाशयमुखातील जंतू वर ढकलले जाऊ शकतात. ओटीपोटातील संसर्गाचा धोका पहिल्या वीस दिवसांत सर्वाधिक असतो, पुढे तो पुष्कळ घटतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२च्या अभ्यासात दिसले. पण गोळीने हे वीस दिवस राखले जातात काय? केनियात सुमारे १,८०० स्त्रियांपैकी निम्म्यांना २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन व निम्म्यांना औषधविरहित गोळी दिली गेली. १९९० साली निष्कर्ष आला: संसर्ग १.३ आणि १.९ टक्के. इतका फरक योगायोगानेही पडू शकतो. पुढे लॉस एंजेलिसमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनचाही लाभ आढळला नाही. म्हणून सरसकट गोळी देण्याची शिफारस नाही. जेथे परमा, क्लॅमिडिया यांसारखे लैंगिक आजार फार आणि तपासणी तुटपुंजी, तेथेच डॉक्टरांनी तिचा विचार करावा.

खरे रक्षण तपासणीत आहे. गर्भाशयमुखातून पू येत असेल, तर आधी उपचार आणि तांबी नंतर. त्या दिवशी परत पाठविले म्हणून रागावू नये. ते डॉक्टरांचे शहाणपणच समजावे. बसविताना जंतुनाशकाने केलेली स्वच्छता गोळीहून मोलाची.

घरी आल्यावर आपले लक्ष हवे. ताप, ओटीपोटात वाढत्या वेदना, दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास शेकत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. लाजेपोटी सून सांगणार नाही, सासूबाईंनीच विचारावे.

आणि आजीबाई, आपलीही तांबी कधी काढायची राहून गेली आहे का? सरकारी दवाखान्यातील ३८०-ए तांबीची मुदत दहा वर्षांची. पाळी जाऊन वर्ष उलटले असेल, तर ती काढून घ्यावी. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत स्त्रीरोग विभागात विचारा. दोरा सापडत नसेल, तर सोनोग्राफीने ती दिसते.