रंकाळ्यावरची हजेरी

फेब्रुवारीतली सकाळ. पावणेसातला कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर पोचलो, तर सर आधीच येऊन बसलेले. घडीचं स्टूल, मांडीवर बोर्ड, त्यावर चारी कडांना टेप मारलेला पाव शीट कागद, पायाशी पाण्याचा डबा. समोर पाण्यातला संध्यामठ. ब्रश मात्र अजून पिशवीतच. वीस मिनिटं ते नुसते डोळे किलकिले करून बघत राहिले. असं बघितलं की बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे चारदोन मोठे आकार तेवढे उरतात.

मठावर ऊन आलं तशी पेन्सिल निघाली. पाच-सात रेघा, आणि लगेच सावलीची कड. "सावली पळती. तिला आधी बांधून ठेवायची," सर म्हणाले. ऊन सारखं सरकत असतं. जागेवर बसून करायचं काम दीड तासात आटपावं लागतं.

मग वॉश. बोर्ड जरा कलता धरून चपट्या ब्रशनं आडवा हात. खालच्या कडेला साचलेला ओघळ पुढच्या हातानं खाली ओढायचा, सुकू द्यायचा नाही. मठाच्या उन्हातल्या कडेपाशी ब्रश आला आणि तिला न शिवता वळून गेला. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवत नाहीत, कागद कोरा राखतात. दगडासाठी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना. निळ्याचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसत गेले, आणि दगडाला दगडाचा पोत आला.

शेजारी मीही रंगवत होतो. माझ्या कागदावर मठाची सावली एका बाजूला होती. झाडाची मी पाऊण तासानं रंगवली, ती भलतीकडेच. सरांनी वाकून बघितलं. "ह्या चित्रात वाजलेत किती?"

सरांची हयात हायस्कुलात चित्रकला शिकवण्यात गेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं, स्नेहसंमेलनाचे पडदे, फलकलेखन. अकराच्या घंटेआधीचा वेळ तेवढा स्वतःचा. प्रदर्शनं मोजकीच झाली; विकलेल्या चित्रांतून फ्रेमचे पैसे सुटले, तेच खूप. आता निवृत्त झालेत, पण वेळ तीच. पावसाळ्यात तळं भरून मठ पाण्यात जातो, उन्हाळ्यात पाणी उतरून खांब उघडे पडतात; ते सगळं त्यांनी इथेच बसून बघितलंय. नव्या जागा शोधत ते फारसे हिंडले नाहीत.

कोल्हापूरला असं एका ठिकाणी रमणं नवं नाही. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून परत आले आणि १९३१ मध्ये जाईपर्यंत इथलाच परिसर रंगवत राहिले. १९२२ साली शाहू महाराज गेले, त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तळ्यात सोडून दिली, असं इथे अजून सांगतात. सरांना ही गोष्ट सांगितली की ते हळहळत नाहीत. "चित्रं गेली. बघितलेलं कुठं जातंय?" एवढंच.

साडेआठला त्यांनी टेप सोडवली. सही करण्याआधी कागद उलटा केला आणि मागे पेन्सिलीनं तारीख घातली. खाली लिहिलं : 'सुरुवात ७.१०. पाणी खांबाच्या निम्म्यावर. धुकं नाही.'

घरी त्यांच्या कपाटात अशा कागदांचे गठ्ठे आहेत. पुढून चित्रं, मागून हजेरीपट.