गाडी धुवावी, नदी मळवू नये

बैलगाडीचा काळ ओसरला आणि आपल्या गावांतून मोटारी आल्या. ज्या अंगणात पूर्वी बैलजोडी बांधलेली असे, तेथे आज चारचाकी उभी असते. निदान एखादी रिक्षा किंवा मालवाहू टेम्पो तरी असतोच. मुलाच्या मिळकतीतून किंवा परदेशी कामाला गेलेल्या लेकीने पाठविलेल्या पैशांतून घेतलेली ती गाडी घरातील माणसासारखी जपली जाते. फादरांकडून तिला आशीर्वाद मिळतो, आरशापाशी रोझरी टांगली जाते आणि रविवारची मिस्सा आटोपली की घरधनी बादली घेऊन तिच्याभोवती फिरू लागतो. हे सारे योग्यच आहे. कष्टाने मिळविलेली वस्तू नीट राखणे हा सद्गुण होय. तथापि ही गाडी आपण धुतो कोठे, कशाने धुतो आणि तिच्या अंगावरून उतरलेली घाण शेवटी कोणाच्या वाट्यास जाते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो विचार आज उज्जैन येथील रामघाटाच्या निमित्ताने करावा, असे आम्हांस वाटते.

उज्जैन आपणांस तितकेसे परके नाही. १८१० सालापर्यंत शिंद्यांची राजधानी तेथे होती. पुढे दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरीस हलविली. नाशिक-त्र्यंबकेश्वराप्रमाणेच उज्जैनलाही बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. आपल्या ख्रिस्तसभेचे कार्यही तेथे १९६८ सालापासून स्वतंत्रपणे चालू आहे. १९७७ साली उज्जैनला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. कामाधंद्यासाठी, सहलीसाठी वा कोणा आप्ताच्या भेटीसाठी नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर या मार्गाने तिकडे जाणाऱ्या गाड्यांचा ओघ बाराही महिने चालू असतो.

शिप्रा नदीच्या काठचा रामघाट हा तेथील मुख्य स्नानघाट. आमचे हिंदू बांधव या घाटावर मोठ्या श्रद्धेने स्नान करतात आणि संध्याकाळी नदीची आरती होते. २०१६ सालच्या सिंहस्थात, २२ एप्रिल ते २१ मे या महिन्याभरात, याच घाटाने अफाट जनसमुदाय पाहिला. पुढील सिंहस्थ २०२८ साली भरावयाचा आहे.

शेकडो मैलांचा प्रवास करून गाडी उज्जैनला पोहोचते, तेव्हा तिचा मूळ रंग कोणता होता हे ओळखू येत नाही. माळव्याची काळी माती बारीक व चिकट असते. ती काचांवर बसते, चाकांच्या वरच्या पोकळीत साचते. समोर नदीचे पाणी दिसत असते, हाताशी डबा असतो. चार डबे पाणी मारले तर काय बिघडले, असे मनात येते. हा मोह रामघाटापुरताच नाही. गोदावरीच्या काठी, कोकणातल्या वहाळांवर, वसईच्या बावखलांपाशी, जेथे जेथे उतार आणि पाणी एकत्र येतात, तेथे तेथे तो वाहनचालकास होतो.

बैल आणि मोटार

या सवयीचे मूळ जुने आहे व त्यात मूलतः काही वाईट नव्हते. आपले वाडवडील बैल नदीवर नेत असत. पोळ्याच्या आदल्या दिवशी तर साऱ्या गावाची जनावरे पाण्यात उभी असत. बैलाच्या अंगावरून माती, गवत व शेण यांखेरीज दुसरे काय उतरणार? वाहती नदी ते सहज पचवीत असे. बैल गेला आणि मोटार आली; सवय मात्र तीच राहिली.

मोटारीच्या अंगावरून जे उतरते ते निराळे असते. यंत्रातून पाझरलेले तेल, सांध्यांचे वंगण, टायरांची झीज, ब्रेक घासून निघालेली धातूची पूड, आणि त्यावर आपण ओतलेला साबण. तेलाचा पातळ पापुद्रा पाण्यावर पसरला की हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा होतो. साबणातील द्रव्ये माशांच्या कल्ल्यांना अपाय करतात. कित्येक धुलाईच्या चूर्णांत फॉस्फेट असते. त्यावर शेवाळ माजते आणि ते कुजताना पाण्यातील उरलासुरला प्राणवायूही संपतो. एका गाडीने नदी मरत नाही हे खरे; परंतु प्रत्येक जण स्वतःस तो एकच समजतो, हीच तर अडचण आहे.

शिप्रेचे पाणी येते कोठून?

रामघाटावर हा अविचार विशेष बोचतो, त्याला कारण आहे. कालिदासाने मेघदूतात जिच्यावरून येणाऱ्या वाऱ्याचे वर्णन केले ती शिप्रा आता पावसाळा सरताच क्षीण होते. तिचा स्वतःचा प्रवाह स्नानालाही पुरेना, म्हणून नर्मदेचे पाणी तिच्यात आणावे लागले. ओंकारेश्वराकडून ते पाणी पंपांनी, सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवून, इंदूरजवळच्या उज्जैनी गावानजीक शिप्रेच्या उगमात सोडले जाते. ही योजना २०१४ साली कार्यान्वित झाली. एवढा डोंगर चढविण्यासाठी विजेचा केवढा खर्च येत असेल, याची कल्पना ज्याने आपल्या विहिरीवर पंप बसविला आहे त्यास सहज येईल.

दुसरे संकट कान्ह नदीचे. इंदूर शहराचे सांडपाणी घेऊन येणारी ही नदी उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीपाशी शिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी ते पाणी स्नानघाट चुकवून पुढे नेण्यासाठी मोठी नळवाहिनी घालण्यात आली. म्हणजे एका बाजूने चांगले पाणी दूर अंतरावरून आणावयाचे, दुसऱ्या बाजूने मलिन पाणी खर्च करून वळवावयाचे, आणि तिसऱ्या बाजूने घाटाशेजारी आपली मोटार धुवून तेल-साबण त्यातच सोडावयाचे! ज्या पायरीवर कोणी वृद्ध माता ओंजळभर पाणी तोंडाला लावते, त्याच पायरीच्या वर गाडीचे चाक खरवडणे हे कोणत्याही धर्माच्या माणसास शोभणारे नाही. शिवाय हे पाणी उज्जैनला थांबत नाही. शिप्रा चंबळेस मिळते, चंबळ यमुनेस आणि यमुना गंगेस.

कायद्याचेही येथे बोट आहे. जलप्रदूषणास आळा घालणारा १९७४ सालचा केंद्रीय कायदा जाणूनबुजून दूषित पदार्थ प्रवाहात सोडण्यास मनाई करतो. २०२४ च्या मार्च महिन्यात बंगळूर शहर तहानेले असताना तेथील जलमंडळाने पिण्याचे पाणी गाडी धुण्यास वापरल्यास ५,००० रुपये दंड ठरविला. जर्मनीत तर पुष्कळ नगरांमध्ये घरासमोरच्या रस्त्यावर साबण लावून गाडी धुता येत नाही. ती धुलाई-केंद्रावर न्यावी लागते, जेथे तेल वेगळे काढण्याची व्यवस्था असते.

तीन बादल्यांत स्वच्छ गाडी

मग गाडी मळकीच ठेवावी काय? मुळीच नाही. न धुतलेली गाडी लवकर खराब होते. तिच्या पत्र्यावर गंजरोधक लेप, अस्तर, रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. हे सारे थर मिळून जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटरच्या आसपास भरते. एवढ्या पातळ पांघरुणावर आपल्या हजारो रुपयांच्या वस्तूचे आयुष्य अवलंबून असते. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि चिरडलेले किडे उन्हात तापले की वरचा थर खातात. समुद्रकाठच्या गावांत खारी हवा गंजास आमंत्रण देते. पावसाळ्यात चाकांच्या पोकळीत साचलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. म्हणून गाडी धुवावी. मात्र रीतीने धुवावी.

रबरी नळीतून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी सहज जाते. ती दहा मिनिटे मोकळी राहिली तर शंभर ते दीडशे लिटर पाणी गेले. तेच काम तीन बादल्यांत होते.

गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा गार होऊ द्यावा. तापलेल्या पत्र्यावर साबणाचे व क्षाराचे डाग वाळून बसतात. कोरड्या फडक्याने धूळ कधीही पुसू नये. धुळीचे कण रंगावर कानशीसारखे चालतात. पहिल्या बादलीतील पाणी तांब्याने छतावरून ओतीत खाली यावे, म्हणजे सैल माती निघून जाते. दुसऱ्या बादलीत गाडीसाठी मिळणारा सौम्य शाम्पू थोडासा घालावा. भांड्यांचा साबण वा धुण्याचा सोडा वापरू नये. तो मळाबरोबर मेणाचा लेपही काढून टाकतो. तिसऱ्या बादलीत नुसते पाणी असावे. मऊ फडके शाम्पूत बुडवून गाडीचा एक भाग पुसावा, मग ते साध्या पाण्यात खळबळून पिळावे आणि नंतरच पुन्हा शाम्पूत घालावे. अशाने निघालेली माती पुन्हा रंगावर घासली जात नाही. छतापासून खाली यावे, हात सरळ रेषेत फिरवावा. चाके व खालचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा आणि त्यांना फडके वेगळे ठेवावे. शेवटी ओल्या स्वच्छ फडक्याने साबण टिपून घ्यावा व कोरड्या मऊ फडक्याने गाडी पुसावी. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजलेली नाहीत ना, हे पाहावे.

धुतलेल्या व पूर्ण वाळलेल्या गाडीवर दोन-तीन महिन्यांनी मेणाचा पातळ हात द्यावा. ब्राझील देशात कार्नाउबा नावाचे ताडाच्या जातीचे झाड आहे. त्याच्या पानांवर जमणारे कठीण मेण या कामी नावाजलेले आहे. मेण लावलेल्या पत्र्यावर पाणी थांबत नाही, धूळ चिकटत नाही आणि पुढची धुलाई कमी पाण्यात होते. गाडीवर आच्छादन घालावयाचे तर हवा खेळेल असे कापडी घालावे. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडते, आणि वाऱ्याने ती हलली की आतील धूळ रंगावर घासते. कोठे ओरखडा पडून पत्रा उघडा झालाच, तर पावसाळ्यापूर्वी तेथे रंगाचा ठिपका द्यावा.

आता उरले धुण्याचे मळके पाणी. ते वहाळात, बावखलात वा गटारात सोडू नये. विहिरीपासून दूर, गवताच्या किंवा मातीच्या जागी गाडी धुवावी. माती थोडासा साबण मुरवून घेते आणि तीतील सूक्ष्म जीव त्याचे विघटन करतात. यंत्राचा तेलकट भाग मात्र घरी धुऊच नये. ते काम, तेल वेगळे काढण्याची सोय असलेल्या धुलाई-केंद्रात करून घ्यावे. प्रवासात, रामघाटासारख्या ठिकाणी गेल्यावर, काचा व दिवे ओल्या फडक्याने पुसले की पुरे. बाकीची धूळ घरी येईपर्यंत थांबू शकते.

आशीर्वादाचे थेंब

ख्रिस्तसभेच्या विधिग्रंथात वाहनांच्या आशीर्वादाची प्रार्थना आहे. त्या वेळी फादर गाडीवर आशीर्वादित पाण्याचे चार थेंब शिंपडतात. त्या प्रार्थनेत प्रवाशांचे रक्षण मागितले जाते, आणि चालविणाऱ्याच्या मनात इतरांविषयी जबाबदारीची जाणीव राहावी हीदेखील त्या आशीर्वादामागची अपेक्षा असते. जिच्यामुळे खालच्या गावाचे पाणी नासते ती गाडी आशीर्वादास शोभेल काय?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शुद्ध पिण्याचे पाणी हा प्रत्येक मानवाचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट सांगितले. ज्या संताचे नाव त्यांनी धारण केले, ते असिसीकर संत फ्रान्सिस पाण्याला बहीण मानीत. आपल्या प्रभूचा बाप्तिस्मा यार्देन नदीत झाला, आणि आपलाही ख्रिस्ती जीवनात प्रवेश पाण्यानेच झाला. ज्या पाण्याने आपण देवाची लेकरे झालो, त्या पाण्याविषयी बेपर्वाई आपणांस कशी चालेल?

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने परूश्यांना पेल्याच्या बाहेरच्या बाजूवरून दिलेली ताकीद वाचकांस ठाऊकच आहे. पेला बाहेरून लखलखीत घासावयाचा आणि आत लोभ तसाच ठेवावयाचा, याचा त्याला तिटकारा होता. आपल्या मोटारीचे बाह्यांग चकचकीत असावे, पण ती चमक शेजाऱ्याच्या पाण्यातून काढून घेतलेली नसावी, हे त्या शिकवणीस धरूनच होईल.

वाचकहो, पुढच्या रविवारी गाडी धुण्यास निघाल तेव्हा मुलांना सोबत घ्या. नळी गुंडाळून ठेवा, तीन बादल्या मांडा आणि मळके पाणी कोठे जाते ते त्यांना दाखवा. ज्या धर्मग्रामांत २५ जुलैच्या सुमारास, संत ख्रिस्तोफर यांच्या सणानिमित्त, वाहनांना आशीर्वाद दिला जातो, तेथील तरुणांनी त्या दिवशी या रीतीचे प्रात्यक्षिक करून दाखवावे, अशी आमची सूचना आहे. खर्च शून्य आहे, आणि गावाची विहीर, बावखल व नदी यांवर त्याचा उपकार मोठा होईल.