स्थापना कर्नेल, जुन्या संगणकांसाठी

परिचालन प्रणाली नसलेल्या संगणकावर ती प्रथम बसविताना जो तात्पुरता कर्नेल स्मृतीत उतरवून चालविला जातो, त्यास स्थापना कर्नेल म्हणतात. कर्नेल हा परिचालन प्रणालीचा गाभा असून प्रक्रियकाच्या वेळाची वाटणी करणे, स्मृतीची व्यवस्था पाहणे आणि तबकडी, चुंबकीय फीत, कळफलक इ. उपकरणांशी व्यवहार करणे ही त्याची मुख्य कामे होत [→ संगणक]. नेहमीचा कर्नेल तबकडीवरील फाइलींच्या आधाराने काम करतो. स्थापनेच्या वेळी मात्र तबकडी कोरी असते किंवा तिच्यावरील मजकूर अपरिचित असतो. त्यामुळे स्थापना कर्नेलला आपली मूळ फाइल-व्यवस्था व आवश्यक कार्यक्रम स्वतःबरोबरच आणावे लागतात. त्यात कोणते उपकरण-चालक व कोणत्या सुविधा घालावयाच्या आणि उपकरणे कोणत्या पत्त्यांवर शोधावयाची, हे ठरविण्याच्या क्रियेस कर्नेलचा विन्यास म्हणतात.

स्थापना कर्नेलकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. तो कोणत्या यंत्रावर चालेल हे आधी ठाऊक नसल्यामुळे त्यात पुष्कळ उपकरण-चालक असावे लागतात, तर ज्या माध्यमावरून तो उतरवावयाचा ते माध्यम आणि ज्या स्मृतीत तो राहावयाचा ती स्मृती ही दोन्ही मर्यादित असतात. आधुनिक संगणकात स्मृती विपुल असल्याने हा विरोध जाणवत नाही. १९७५ ते १९९५ या काळातील यंत्रांवर मात्र तो तीव्र असतो. शिवाय त्या काळातील बहुतेक यंत्रांना आपल्या अंगी कोणती उपकरणे आहेत हे सांगता येत नाही. ती माहिती माणसाने मिळवून कर्नेलला पुरवावी लागते.

इतिहास : डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्स-११/७८० या संगणकाकरिता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने युनिक्स प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या तयार केल्या. त्या बीएसडी या नावाने ओळखल्या जातात. या आवृत्त्या चुंबकीय फितींवरून वितरित होत. स्थापनेसाठी फितीवरील एक छोटी मूळ फाइल-व्यवस्था तबकडीच्या अदलाबदल-विभागात उतरवीत आणि तीवरून सर्वसाधारण कर्नेल सुरू करीत. हा विभाग एरवी स्मृतीतील मजकूर तात्पुरता ठेवण्यासाठी राखलेला असे. प्रणाली बसेपर्यंत तो वापरात नसल्याने त्यावर ही छोटी व्यवस्था ठेवण्यात कोणतेच नुकसान नव्हते व काम झाल्यावर ती पुसली गेली तरी चालत असे. पुढे हीच कल्पना स्मृती-तबकडीच्या रूपाने रुजली. स्मृतीचा एक भाग तबकडी आहे असे मानून त्यावर मूळ फाइल-व्यवस्था ठेवावयाची व ती कर्नेलच्या फाइलीतच अंतर्भूत करावयाची, ही पद्धत १९९३ मध्ये सुरू झालेल्या नेटबीएसडी या प्रणालीत विशेष प्रचलित झाली. लिनक्स प्रणालीत स्मृती-तबकडीची प्रतिमा सामान्यतः वेगळी फाइल म्हणून कर्नेलच्या पाठोपाठ उतरविली जाते.

वर्णनपत्र : ४.१ बीएसडीपासून (१९८१) कर्नेलचा विन्यास एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिला जाऊ लागला. ‘कॉन्फिग’ हा कार्यक्रम ती फाइल वाचून कर्नेलचे कोणते भाग संकलित करावयाचे हे ठरवितो. ४.४ बीएसडीसाठी (१९९३) क्रिस टोरेक यांनी हा कार्यक्रम नव्याने लिहिला. त्यात उपकरणांचे नाते वृक्षाच्या रूपाने मांडले जाते : तबकडी नियंत्रकाला जोडलेली, नियंत्रक बसला जोडलेला आणि बस प्रक्रियकाला जोडलेली. नेटबीएसडीने हीच पद्धत पुढे चालविली. वर्णनपत्रातील प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान असते. उदा., आयबीएम पीसी-एटी (१९८४) व तत्सम यंत्रांच्या वर्णनपत्रातील एका ओळीचा आशय असा असतो की, आयएसए बसवर षोडशमान ३०० या पत्त्यावर एनई-२००० जातीचे जालपत्र असून ते १० क्रमांकाची व्यत्यय-रेषा वापरते. प्रत्यक्ष पत्र दुसऱ्या पत्त्यावर असेल, तर ते यंत्रात असूनही कर्नेलला दिसत नाही. सर्वसाधारण वर्णनपत्राला बहुधा ‘जेनेरिक’ असे नाव असते. त्यातील अनावश्यक ओळी वगळून स्थापना कर्नेलचे वर्णनपत्र तयार करतात.

उपकरणांचा शोध : कर्नेल सुरू होताना वर्णनपत्रातील प्रत्येक पत्त्यावर उपकरण आहे की नाही याची चाचणी घेतो. व्हॅक्सच्या युनिबसवर उपकरणांचे पत्ते बऱ्याच अंशी ठरलेले होते. तेथे चाचणीच्या वेळी उपकरणाला मुद्दाम व्यत्यय-संकेत पाठविण्यास भाग पाडून त्याची व्यत्यय-दिशा ओळखीत. आयएसए बसवर मात्र पत्ता व व्यत्यय-रेषा पत्रावरील छोट्या जोडखिट्ट्या, म्हणजे जंपर, बदलून वापरणाऱ्याने निवडावयाची असत. त्यामुळे एकाच जातीची दोन पत्रे वेगवेगळ्या पत्त्यांवर असणे किंवा भिन्न जातींची दोन पत्रे एकाच पत्त्यावर येणे हे दोन्ही संभवते.

अशा बसवर चाचणी घेणे ही निरुपद्रवी क्रिया नव्हे. एनई-२००० हे पत्र लागोपाठचे ३२ पत्ते व्यापते आणि त्यांतील शेवटचे पत्ते नुसते वाचले तरी पत्र पूर्वस्थितीत परत जाते. दुसऱ्या एखाद्या चालकाने तेथे आपले उपकरण शोधण्याचा प्रयत्न केल्यास हे पत्र, व काही वेळा संपूर्ण यंत्र, निश्चल होते. यावर तीन उपाय योजतात. पहिला, नको असलेला चालक वर्णनपत्रातूनच काढून टाकणे. दुसरा, विशिष्ट पत्ते राखीव आहेत असे कर्नेलला प्रारंभीच सांगणे. लिनक्समध्ये ‘रिझर्व्ह’ या सूचनेने हे करता येते. तिसरा, पुन्हा संकलन न करता कर्नेल सुरू होतेवेळी पत्ते बदलणे किंवा चालक निष्क्रिय करणे. नेटबीएसडी व ओपनबीएसडी या प्रणालींत त्यासाठी संवादात्मक सोय आहे. व्यत्यय-रेषांच्या बाबतीतही अशीच एक खोच आहे. पीसी-एटीमध्ये दोन व्यत्यय-नियंत्रक जोडलेले असून दुसरा नियंत्रक पहिल्याच्या २ क्रमांकाच्या रेषेवर बसविलेला असतो. परिणामी २ क्रमांकासाठी जुळविलेले जुने पत्र प्रत्यक्षात ९ क्रमांकाच्या रेषेवर आढळते आणि वर्णनपत्रात ९ हाच आकडा लिहावा लागतो. १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय बसमध्ये प्रत्येक उपकरणाजवळ उत्पादकाचा व उपकरणाचा क्रमांक नोंदलेला असल्यामुळे हा त्रास बव्हंशी संपला.

प्रक्रियकाची निवड : एकाच कुळातील प्रक्रियकांतही महत्त्वाचे भेद असतात. इंटेल ८०३८६ (१९८५) या प्रक्रियकात अपूर्णांकी गणिताचा विभाग नव्हता. त्यासाठी ८०३८७ हा वेगळा साहाय्यक प्रक्रियक बसवावा लागे. तो नसल्यास कर्नेलमध्ये गणिताचे अनुकरण करणारा भाग घालावा लागतो, अन्यथा स्थापनेचा एखादा साधा कार्यक्रमही मध्येच बंद पडू शकतो. ८०४८६ एसएक्स या प्रक्रियकालाही हीच अट लागू पडते. दुसरा भेद स्मृती-संरक्षणाचा आहे. ८०३८६ मध्ये कर्नेलने केवळ वाचनासाठी राखलेल्या स्मृतिपृष्ठावर लिहिले, तर प्रक्रियक हरकत घेत नाही. ८०४८६ पासून ही हरकत घेण्याची सोय झाली. म्हणून ८०३८६ साठी प्रत्येक लेखनापूर्वी कर्नेलला स्वतःच तपासणी करावी लागते. ८०४८६ मध्ये आलेल्या काही नव्या आज्ञाही ८०३८६ ला ठाऊक नाहीत. त्यामुळे नंतरच्या प्रक्रियकासाठी संकलित केलेला कर्नेल त्यावर सुरू होत नाही आणि काही वेळा पडद्यावर कारणही उमटत नाही.

आकाराची मर्यादा : ३.५ इंची उच्च घनतेच्या नम्य तबकडीवर प्रत्येकी ५१२ बाइटांचे २,८८० खंड, म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट मावतात. कर्नेल संकोचित स्वरूपात ठेवून ही मर्यादा सांभाळता येते. परंतु स्मृतीत उतरल्यावर तो उलगडून मूळ आकाराचा होतो. म्हणून तबकडीवर मावलेला कर्नेल यंत्रात मावेलच असे नाही. उदाहरणादाखल, ४ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रात ४,०९६ किलोबाइट असतात. त्यांपैकी ३८४ किलोबाइटांचे पत्ते पडदा-नियंत्रक व प्रारंभिक कार्यक्रम यांच्याकडे जाऊन अनेक यंत्रांत ३,७१२ किलोबाइट उरतात. कर्नेल व स्मृती-तबकडी प्रत्येकी १,५३६ किलोबाइटांची धरल्यास स्थापनेच्या सर्व कार्यक्रमांना मिळून फक्त ६४० किलोबाइट राहतात. तबकडीवरील अदलाबदल-विभाग मदतीस येऊ शकतो. पण तबकडीचे विभाजन होईपर्यंत तो अस्तित्वातच नसतो. स्थापनेतील सर्वांत बिकट क्षण हाच होय. म्हणून कमी स्मृतीच्या यंत्रावर विभाजन करून अदलाबदल-विभाग कार्यान्वित करणे हे पहिले काम ठेवतात.

आकार घटविण्याचे अनेक मार्ग आहेत. दोषशोधक व सांख्यिकी नोंदी ठेवणारे भाग, नको असलेल्या फाइल-व्यवस्था आणि जालसंकेत वगळले जातात. वेगवान पण मोठ्या भागांऐवजी मंद पण लहान भाग निवडले जातात. स्मृती-तबकडीवरील सर्व कार्यक्रम एकाच फाइलीत एकत्र संकलित करून तिला अनेक नावे देतात. त्यामुळे सर्वांना लागणारा समान भाग एकदाच साठविला जातो. नेटबीएसडीने पीसी-कुलासाठी नेहमीच्या स्थापना कर्नेलबरोबर ‘इन्स्टॉल-टायनी’ हा अतिलघू कर्नेलही दिला होता. ज्या यंत्रांना जालावरून सुरू होता येते तेथे मूळ फाइल-व्यवस्था दुसऱ्या संगणकावर ठेवून स्मृती-तबकडी टाळता येते. व्हॅक्स व सन कंपनीच्या जुन्या कार्यस्थानकांवर ही पद्धत सोयीची ठरते.

कृती : प्रथम यंत्र उघडून पत्रांवरील अक्षरे, चकत्यांचे क्रमांक व जंपरांची स्थाने नोंदवून घेतात. त्यानंतर जवळच्या वर्णनपत्राची प्रत घेऊन तीत प्रक्रियक, उपकरणे व सुविधा यांच्या ओळी दुरुस्त करतात. संकलन जुन्या यंत्रावर न करता दुसऱ्या वेगवान संगणकावर करतात. नेटबीएसडी १.६ (२००२) पासून कोणत्याही तत्सम प्रणालीवर बसून परक्या प्रक्रियकासाठी संपूर्ण प्रणाली संकलित करण्याची सोय उपलब्ध झाली. संकलित कर्नेलमध्ये राखलेल्या जागेत स्मृती-तबकडीची प्रतिमा भरतात. ही जागा प्रतिमेपेक्षा लहान ठेवल्यास प्रतिमा बसत नाही आणि उगाच मोठी ठेवल्यास स्मृती वाया जाते. पुढची पायरी अनुकारकावर चाचणी घेण्याची. बॉब सप्निक यांचा ‘सिमएच’ हा व्हॅक्स व इतर यंत्रांचा अनुकारक यासाठी उपयोगी पडतो. तथापि अनुकारकात जंपरांचा गोंधळ किंवा झिजलेली तबकडी नसल्यामुळे अंतिम परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावरच होते. तेथे श्रेणीसंचारी द्वारातून संदेश दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतल्यास कर्नेल नेमका कोठे थांबला हे कळते.

स्थापनेनंतर आणखी एक मर्यादा आड येते. जुन्या पीसी-यंत्रांतील प्रारंभिक कार्यक्रमाला तबकडीचे पहिले १,०२४ सिलिंडरच वाचता येतात. १६ शीर्षे, ६३ खंड व ५१२ बाइट या मानाने ही जागा ५२,८४,८२,३०४ बाइटांची होते. बसविलेला कर्नेल या मर्यादेच्या आत नसेल, तर स्थापना निर्विघ्न पार पडूनही यंत्र पुन्हा सुरू होत नाही.

आधाराची समाप्ती : नव्या आवृत्त्यांतून जुन्या यंत्रांचा आधार क्रमाने काढला गेला. नेटबीएसडी ५.० (२००९) मध्ये ८०३८६ चा आधार संपला. १९९१ मध्ये लिनक्सचा जन्म ज्या प्रक्रियकावर झाला त्या ८०३८६ चा आधार लिनक्स ३.८ (२०१३) मधून वगळण्यात आला. ओपनबीएसडीने ५.९ (२०१६) या आवृत्तीनंतर व्हॅक्सचा आधार थांबविला. नेटबीएसडी १० (२०२४) मध्ये मात्र व्हॅक्स कायम होता. डेबियन १३ (२०२५) मध्ये ३२-बिटी पीसीसाठी कर्नेल व स्थापक देण्यात आले नाहीत. त्यामुळे विन्यासाआधी योग्य आवृत्तीची निवड करावी लागते. जुन्या आवृत्तीतील सुरक्षाविषयक उणिवा पुढे दुरुस्त होत नसल्याने असे यंत्र सार्वजनिक जालापासून अलग ठेवणे इष्ट असते.

महत्त्व : स्थापना कर्नेल पूर्णतः स्मृतीत राहत असल्यामुळे आज्ञा दिल्याशिवाय तो यंत्रातील तबकडीला हात लावत नाही. या गुणामुळे त्याचा उपयोग स्थापनेपुरता राहिलेला नाही. जुन्या प्रयोगशाळेतील किंवा कार्यालयातील यंत्राची तबकडी ज्या नियंत्रकाला जोडलेली असते तो नियंत्रक आधुनिक संगणकात बसविता येत नाही. अशा वेळी योग्य विन्यासाचा लहानसा कर्नेल त्याच यंत्रावर चालवून तबकडीचा प्रत्येक खंड जालावरून दुसरीकडे उतरवून घेणे हा पुष्कळदा एकमेव मार्ग उरतो. याच कारणासाठी नवी प्रणाली बसविण्यापूर्वी जुन्या तबकडीची संपूर्ण प्रत घेणे आवश्यक मानतात. विभाजनाची एक चुकीची आज्ञा मूळ मजकूर कायमचा नष्ट करू शकते. वर्णनपत्रांनाही स्वतंत्र मोल आहे. कोणते पत्र कोणत्या पत्त्यावर व कोणत्या व्यत्यय-रेषेवर असे, ही माहिती अनेक उत्पादनांच्या मूळ पुस्तिका दुर्मिळ झाल्यावरही या ओळींतून उपलब्ध राहिली. त्या दृष्टीने जुन्या कर्नेलची वर्णनपत्रे ही संगणकाच्या इतिहासाची प्राथमिक साधने ठरतात.